वाळवंटातले पाणी

श्रोतेहो, विहीर आटली म्हणजे गावाची काय दशा होते, हे तुम्हांला सांगायला नको. मग परमुलखातल्या वाळवंटात हजारोंची फौज उतरली, तर तिची तहान कोणी भागवायची?

१८६७ साली हा प्रश्न उभा राहिला. अ‍ॅबिसिनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा, राजा थिओडोर याने इंग्रज वकील आणि काही पाद्री कैदेत टाकले होते. त्यांना सोडवायला मोहीम निघाली ती मुंबईहून. तिचा प्रमुख रॉबर्ट नेपियर हा मुंबई फौजेचा सरसेनापती, मूळचा इंजिनियर.

फौज तांबड्या समुद्राकाठी झुला येथे उतरली. किनारा उथळ, मागे तापलेले रेताड मैदान. पहिल्या काही महिन्यांत खेचरे तहानेने आणि रोगाने पटापट मेली. लढाई अजून दूरच होती!

मग कामाला लागले ते मुंबई व मद्रासचे सॅपर्स आणि मायनर्स. मुंबईच्या सॅपर्सचे केंद्र आज आपल्या खडकीला आहे. समुद्रात धक्का बांधला गेला. बंदरातल्या आगबोटी खाऱ्या पाण्याची वाफ करून ती थंड करीत आणि गोडे पाणी बनवीत. हिंदुस्थानातून रूळ व इंजिने नेऊन डोंगराच्या पायथ्यापर्यंत सुमारे ११ मैल आगगाडी टाकली. पुढे खिंडीतले खडक फोडून तोफांसाठी वाट काढली. जड तोफा वाहायला ४४ हत्ती नेले होते.

आणखी एक युक्ती ऐका. टोकदार, भोकांची लोखंडी नळी घणाने ठोकून जमिनीत उतरवायची आणि वर हातपंप बसवायचा. आपल्या काळ्या पाषाणात ती जायची नाही. पण भुसभुशीत जमिनीत पाणी देई. पुढे तिला ‘अ‍ॅबिसिनियन विहीर’ असेच नाव पडले.

सुमारे ४०० मैल तुडवून १३ एप्रिल १८६८ रोजी मॅग्डालाचा किल्ला घेतला. गंमत अशी, की दरवाजापाशी पोचल्यावर कळले, सुरुंगाची दारू आणि शिड्या मागेच राहिल्या! शिपाई तट चढून आत गेले. कैदी आधीच सुटले होते. राजाने स्वतःला गोळी घालून घेतली.

गुरुजींनी हा धडा शिकवताना मुलांना खर्चाचा हिशेबही सांगावा. २० लाख पौंडांचा अंदाज ८० लाखांच्या वर गेला. नेपियरला ‘मॅग्डालाचा लॉर्ड’ हा किताब मिळाला. पण खिंड फोडणाऱ्या हिंदी शिपायांचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्याच तिजोरीतून गेला. आणि त्या तिजोरीत सगळ्यांत मोठा भरणा होता शेतसाऱ्याचा. ज्या लढाईशी आपल्या कुणब्याचा काडीचा संबंध नव्हता, तिचा भार त्याच्याही खांद्यावर होता.