वडिलांचा फ्लॅश

वडिलांनी गावातली निम्मी लग्नं ज्या फ्लॅशवर टिपली, तो माळ्यावर सापडला. सेल घातले, तीच बारीक शिट्टी, मग लाल दिवा. डिजिटल कॅमेऱ्यावर चढवणार, तोच हात थांबला.

श्रोतेहो, १९३१च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीत हॅरॉल्ड एजर्टन यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश घडवला. फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यांत तो उडवायला धातूच्या दोन पट्ट्या नुसत्या टेकत. २०० व्होल्टही त्या सोसत. डिजिटलमध्ये तेच काम नाजूक इलेक्ट्रॉनिक स्विच करतो. काही कॅमेरे २५० व्होल्ट सोसतात, काहींना कंपनी ६च सांगते!

मीटर लावला, फ्लॅशच्या पायाशी १८० व्होल्ट. मग तो बाजूला स्टुलावर ठेवला, प्रकाश पडताच उडवणारा स्लेव्ह जोडून. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश मॅन्युअलवर चमकला, पाठोपाठ हाही. पहिला फोटो आईचा. तिने सवयीने डोळे मिटले होते.