ऐतिहासिक कादंबरी, दूरचित्रवाणी आणि तुळजापूरचा प्रसंग

ऐतिहासिक कादंबऱ्या व दूरचित्रवाणीवरील मालिका यांविषयीं संशोधकमंडळींत बहुधा तिरस्काराची भाषा ऐकूं येते. ती सर्वस्वीं योग्य आहे असें प्रस्तुत लेखकास वाटत नाहीं. 'कादंबरी' हा शब्दच आपण बाणभट्टापासून घेतला आहे. बाणाचे गद्यप्रबंध दोन. 'हर्षचरित' ही आख्यायिका, म्हणजे घडलेल्या वृत्तावर आधारलेली. 'कादंबरी' ही कथा, म्हणजे कवीच्या कल्पनेची सृष्टि. मराठीनें या वाङ्मयप्रकारास नांव दिलें तें दुसरीचें. ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्योतांत आनंदवर्धनानें तर स्पष्टच सांगितलें आहे कीं, इतिहासांतून घेतलेल्या कथेंत रसाला प्रतिकूल असेल तें कवीनें टाकावें व अनुकूल असें नवें योजावें. केवळ वृत्त सांगणें हें कवीचें प्रयोजन नव्हे, तें काम इतिहासानेंच होतें. तेव्हां कल्पना लढविली एवढ्यावरून कादंबरीकारास दोष देतां येत नाहीं. कोणती गोष्ट बदलली असतां इतिहासाचा सांधाच निखळतो, हा खरा प्रश्न आहे. आणि तो आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील एका प्रसंगावरून चांगला तपासतां येतो.

फिलिप मेडोज टेलर (1808–1876) हा निजामाच्या चाकरींतील इंग्रज अंमलदार. तरुणपणीं पोलिसखात्याच्या कामावर असतांना तो तुळजापुरास राहिला होता. पुढें 1853 च्या तहानें नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हातीं आला तेव्हां त्याचा कारभार टेलरकडे सोंपविण्यांत आला, व 1857 पर्यंत तो नळदुर्गास होता. बालाघाटाच्या कड्याखालीं उतरत जाणाऱ्या तुळजापूरच्या पायऱ्या त्यानें पुष्कळ वेळां पाहिलेल्या. त्याची 'तारा' ही इंग्रजी कादंबरी 1863 सालीं प्रसिद्ध झाली. तींतील नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची बालविधवा कन्या. कथेच्या अखेरीस तिचा विवाह होतो तो अफझलखानाचा पुत्र फाजल याच्याशीं! देवळाची व गांवाची वर्णनें मात्र डोळ्यांनीं पाहिलेल्या माणसाचीं आहेत, यांत संशय नाहीं. मराठी ऐतिहासिक कादंबरीशींही या गृहस्थाचा संबंध जवळचा आहे. कारण हरि नारायण आपटे यांची 'म्हैसूरचा वाघ' ही टेलरच्याच 'टिप्पू सुलतान' या कादंबरीवरून घेतलेली होती. 'उषःकाल' त्यानंतरचा.

तारा व फाजल यांचा विवाह इतिहासास ठाऊक नाहीं. परंतु त्यानें इतिहासाचें कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें सालानें. टेलरनें शंभर-शंभर वर्षांच्या अंतरावरील तीन कादंबऱ्यांची माळ योजिली: 1657 ची 'तारा', प्लासीच्या 1757 ची 'राल्फ डार्नेल' आणि बंडाच्या 1857 ची 'सीता'. या माळेसाठीं अफझलखानाची स्वारी दोन वर्षें मागें ओढावी लागली. प्रतापगडाखालीं खान पडला तो शके 1581 च्या मार्गशीर्षांत, म्हणजे 10 नोव्हेंबर 1659 रोजीं.

दोन वर्षांनीं एवढें काय होतें, असें कोणी म्हणेल. सर्व कांहीं होतें. महंमद आदिलशहा नोव्हेंबर 1656 मध्यें मरण पावला आणि औरंगजेबानें विजापुरावर चाल केली. मार्च 1657 मध्यें बीदर पडलें. त्यानंतर आमच्या जिल्ह्याच्या पूर्वसीमेलगतच्या कल्याणीस वेढा पडला. त्या उन्हाळ्यांत मोंगलांशीं लढणाऱ्या विजापुरी सरदारांत खुद्द अफझलखान होता. त्या सालच्या तहांत बीदर व कल्याणीबरोबर आमचा परांडा किल्लाही मोंगलांस देण्याचें विजापुरानें मान्य केलें. पण शहाजहान आजारी पडला, औरंगजेबाचें लक्ष तख्ताकडे लागलें, 1658 च्या आरंभीं तो उत्तरेस निघाला; आणि परांडा 1660 पर्यंत विजापूरकरांच्याच ताब्यांत राहिला. मोंगलांचा हा दाब उठला तेव्हांच विजापुरास शिवाजीमहाराजांवर मोठी फौज पाठविण्यास उसंत मिळाली. हीच गोष्ट 1657 मध्यें घातली कीं, कार्य उरतें व कारण नाहींसें होतें. खान केवळ रागानें आला असें दिसूं लागतें.

टेलरनें आपली योजना लपविली नाहीं, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. मालिकांत साल बहुधा बरोबर असतें. परंतु परिणाम तोच होतो. विजापूरचा दरबार भरतो, तबक पुढें येतें, कोणी विडा उचलण्यास धजत नाहीं, आणि खान उठतो. 2008 सालीं 'राजा शिवछत्रपती' ही मालिका सुरू झाली तेव्हां सायंकाळीं घरोघर माणसें तिच्यापुढें बसत. ज्या घरांत बखरीचें नांव कोणी काढलें नव्हतें तेथें मावळ्यांचीं नांवें मुलांच्या तोंडीं आलीं, हें लहान काम नव्हे. तथापि अशा मालिकांतील विडा मुलांस पाठ असतो व परांडा किल्ल्याचें नांव येत नाहीं. तहाच्या कलमांत नाट्य नाहीं, हें खरें. पण उत्तरपत्रिकेंत मालिकेंतील संवाद अवतरणचिन्हांत घालून पुरावा म्हणून लिहिलेला पाहिला म्हणजे शिक्षकानें गुण कशाचे द्यावे, असा प्रश्न पडतो.

पुस्तकास एक सोय आहे. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी'स आमच्या मराठवाड्याचे नरहर कुरुंदकर यांची दीर्घ प्रस्तावना आहे. इतिहास व ललितकृति यांचे हिशेब तींत निराळे मांडलेले असून तेंही कादंबरीच्याच बांधणींत वाचावयास मिळतें. शिवाजी सावंत यांची 'छावा' (1979) 2025 मध्यें पडद्यावर आली. पडद्यास प्रस्तावना नसते. आरंभीं कल्पनेचा आधार घेतल्याची एक ओळ सरकून जाते, आणि ती वाचून होण्यापूर्वींच नगारा वाजूं लागतो.

आणखी एक गोष्ट येथें नमूद करावीशी वाटते. खानानें तुळजापूरची मूर्ति फोडून जात्यांत भरडली असें सभासद लिहितो. त्याचें लेखन घटनेनंतर पस्तीसाहून अधिक वर्षांनीं जिंजीस झालें. विजापुराहून वाईस जाणाऱ्यास तुळजापूर वाटेंत लागत नाहीं. नकाशावर तें बरेंच पूर्वेस राहतें. मग खान एवढा वळसा घेऊन आला तो कां, सर्व फौजेनिशीं कीं एक तुकडी पाठवून, हें कागदांवरून ठरावयाचें आहे. कादंबरीकारास येथें थांबतां येत नाहीं. त्याला खान देवळाच्या दारांत उभा करावाच लागतो. संशोधकास थांबतां येतें. नळदुर्ग, परांडा व तुळजापूर येथील जुन्या घराण्यांकडे इनामांचे व पूजाधिकाराचे कागद असल्यास त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या, अशी जिल्ह्यांतील वाचकांस विनंती आहे.