रुग्णाची विचारपूस होते. शुश्रूषा करणाऱ्याची कधी?

लकव्याचा झटका आलेल्या रुग्णाला रुग्णालयातून घरी सोडले जाते, तेव्हा नातेवाइकांच्या हाती औषधांची चिठ्ठी आणि पुढील तपासणीची तारीख पडते. रुग्णाला कुशीवर कसे वळवावे, घास कसा भरवावा, लघवीची नळी कशी सांभाळावी, हे मात्र त्या कागदावर बहुधा लिहिलेले नसते. गावी पोहोचल्यावर ही सारी जबाबदारी पत्नी, सून किंवा लेकीवर येऊन पडते. तज्ज्ञ डॉक्टर शहरात, परिचारिका उपकेंद्रात आणि रुग्ण घरातल्या खाटेवर, अशा स्थितीत ग्रामीण भागातील खरी परिचारिका ही घरातलीच व्यक्ती असते. तिला ना प्रशिक्षण मिळते, ना विश्रांती, ना मोबदला. ती खचली, तर रुग्णाची शुश्रूषाही थांबते. त्यामुळे तिला आधार देणे हा रुग्णाच्या उपचाराचाच भाग मानायला हवा.

गावातले आजार बदलले

ग्रामीण भागातील आजार म्हटले की अजूनही साथीचे रोग डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात चित्र बदलले आहे. 'सर्च' या संस्थेच्या संशोधकांनी गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांमध्ये मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास केला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार तेथील दर सात मृत्यूंपैकी साधारण एक मृत्यू पक्षाघाताने झाला होता आणि त्यातील बहुतांश रुग्णांचा शेवट घरातच झाला. जे वाचतात, त्यांच्यापैकी अनेकांना महिनोन् महिने, काहींना वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या आधाराने जगावे लागते. कर्करोग, मूत्रपिंडाचे विकार व वार्धक्यातील विस्मरण यांचीही गत हीच. असे आजार रुग्णालयात काही दिवस आणि घरात काही वर्षे राहतात.

भार कोणावर?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांची देखभाल करताना आढळल्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के होते. देखभाल करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातील सुमारे १४० मिनिटांचा, तर पुरुषांचा ७४ मिनिटांचा वेळ त्यात जात होता. या आकड्यांत मुलांचे संगोपनही धरलेले आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी हा हिशेब मिनिटांत मांडताच येत नाही. तेथे रात्रीची झोपही तुकड्यातुकड्यांची होते.

त्यात खेड्यातील अडचणींची भर पडते. पाणी लांबून आणावे लागते आणि रुग्णाची अंथरुणे-पांघरुणे तर रोज धुवावी लागतात. सुताची बाज मध्ये खोलगट होते, त्यामुळे रुग्णाला वळविणे अवघड जाते. शौचालय घराबाहेर असते. शेतमजुरी करणारी स्त्री घरी थांबली की रोजंदारी बुडते, आणि ती कामावर गेली तर रुग्ण एकटा पडतो. पाठदुखी, अपुरी झोप, चिडचिड, निराशा हे सारे तिच्या वाट्याला येते. मात्र 'आपल्याच माणसाचे करतेय' या भावनेपोटी ती तक्रार करीत नाही आणि कोणी विचारीतही नाही.

घरी नेण्यापूर्वी शिकून घ्यावे असे काही

घरच्या शुश्रूषेतील बरीचशी कौशल्ये साधी आहेत. रुग्णालयातून निघण्यापूर्वी परिचारिकेने ती करून दाखवावीत आणि नातेवाइकाकडून एकदा करवून घ्यावीत, एवढीच अपेक्षा असते.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड, टाचा, नितंब व खांदे येथील कातडी रोज पाहावी. लाली दिसल्यास ती जागा चोळू नये; तेथे भार येणार नाही असे पाहावे. पाठीच्या जखमा होऊ न देणे सोपे, त्या बऱ्या करणे फार कठीण असते. शक्य असल्यास सपाट लाकडी खाट वापरावी.

पक्षाघाताच्या रुग्णाला झोपवून घास भरवू नये. त्याला टेकून बसवावे, लहान घास द्यावेत आणि जेवणानंतर अर्धा तास तरी बसते ठेवावे. गिळताना वारंवार ठसका लागत असेल, तर भरविणे थांबवून डॉक्टरांना विचारावे. कारण अन्न श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. उठविताना लुळा पडलेला हात धरून ओढू नये, खांद्याला इजा होते. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवावी. बरे वाटू लागले म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नये, त्यामुळे दुसऱ्या झटक्याचा धोका वाढतो. उचलणाऱ्याने कमरेत वाकण्याऐवजी गुडघे वाकवून जोर लावावा, म्हणजे त्याची स्वतःची पाठ शाबूत राहते.

वेदना पाहण्याची वेदना

कर्करोगाच्या रुग्णाच्या घरी सर्वांत मोठा ताण वेदनेचा असतो. तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे स्वस्त व परिणामकारक औषध आहे. मात्र १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांच्या जाचामुळे त्याचा वैद्यकीय वापर आक्रसला. २०१४ च्या दुरुस्तीने ही प्रक्रिया सुलभ करण्यात आली. तरीही औषध मिळण्याची ठिकाणे प्रामुख्याने शहरांतच आहेत. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत व वेळेवर दिल्यास 'याची सवय लागेल' ही भीती बाळगण्याचे कारण नसते. या औषधाने बद्धकोष्ठता होते, हे ठाऊक असावे आणि त्यावरील औषध सुरुवातीलाच मागून घ्यावे.

केरळचा धडा

दुर्धर आजारात वेदना व त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या उपचारांना 'पॅलिएटिव्ह केअर' किंवा उपशामक सेवा म्हणतात. केरळमध्ये १९९३ साली कोझिकोड येथे या कामाची सुरुवात झाली. पुढे गावोगावच्या स्वयंसेवकांनी ती चळवळ घरापर्यंत नेली. २००८ मध्ये राज्य सरकारने उपशामक सेवेचे धोरण जाहीर केले आणि ग्रामपंचायतींच्या साह्याने परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या. परिचारिका जखम स्वच्छ करते, नळी बदलते. स्वयंसेवक रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलतो, शिधा किंवा मुलांची वह्या-पुस्तके यांची सोय पाहतो. अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी केरळने 'आश्वासकिरणम' ही अर्थसाह्य योजनाही सुरू केली. तिची रक्कम पुढे दरमहा ६०० रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. रक्कम तुटपुंजी खरी, पण शुश्रूषा करणे हे काम आहे, याची ती सरकारदरबारी झालेली नोंद आहे.

महाराष्ट्रात काय मिळू शकते?

उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रांचे 'आरोग्य व कल्याण केंद्रां'त रूपांतर करण्याचा कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. २०२३ पासून त्यांना 'आयुष्मान आरोग्य मंदिर' म्हटले जाते. तेथे द्यावयाच्या सेवांमध्ये वृद्धांची व उपशामक सेवा समाविष्ट आहे. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमातही अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या गृहभेटी आणि घरच्यांना मार्गदर्शन अपेक्षित आहे. त्यामुळे आपल्या घरी असा रुग्ण असल्याची नोंद 'आशा' कार्यकर्तीकडे करून घेणे, ही पहिली पायरी होय.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली कर्करोग, क्षयरोग, एड्स, पक्षाघात अशा आजारांच्या निराधार रुग्णांना दरमहा दीड हजार रुपये मिळू शकतात. त्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला व त्याच्या सोबत्याला रेल्वे भाड्यात सवलत आहे. पुण्यातील वारजे येथे १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांसाठी विनामूल्य उपशामक केंद्र चालते; तेथे रुग्णासोबत राहणाऱ्या नातेवाइकालाही शुश्रूषा शिकविली जाते. मनावरचा ताण असह्य झाल्यास २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. ही सोय रुग्णाइतकीच शुश्रूषा करणाऱ्यासाठीही आहे.

या यादीत एक उणीव ठळकपणे जाणवते. बहुतेक योजना रुग्णाच्या नावाने आहेत. त्याच्याजवळ जागणाऱ्या व्यक्तीचा रकाना अर्जात नसतो.

चार तासांचा विसावा

योजनांची वाट न पाहता गावालाही बरेच करता येते. बचत गटातील दोघींनी आठवड्यातून एकदा चार तास रुग्णाजवळ बसावे. तेवढ्यात घरच्या बाईला बाजार करता येतो, स्वतःची तपासणी करून घेता येते किंवा नुसते झोपता येते. ग्रामपंचायतीने एक चाकाची खुर्ची, एक हवेची गादी व एक कमोडची खुर्ची घेऊन ठेवावी. गरज संपली की ती पुढच्या घरी जावी. घरातही पाळी ठरावी. मुलगे आणि भाऊ यांनी पैसे पाठविण्यावर न थांबता रात्रीची एखादी पाळी घ्यावी.

आजाऱ्याला पाहायला खेड्यात माणसे आवर्जून येतात. ती रीत चांगलीच आहे. त्या भेटीत रुग्णाच्या प्रकृतीबरोबर आणखी एक प्रश्न विचारला जावा. जिने चहा पुढे केला, तिने स्वतः आज जेवण केले का आणि काल रात्री किती झोप घेतली, एवढाच तो प्रश्न आहे.