गिरणीतल्या बायका कुठे गेल्या?



मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका काकूंनी विचारलं, "ताई, माझी लेक तालुक्याला टायपिंगचं काम करते. आता म्हणे बोललं की मोबाईलच लिहून देतो. ते एआय का काय आलंय ना! हिचं काम राहील का?" मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आठवला.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. सूत गुंडाळायच्या खात्यांत बायकाच जास्त. कोकणातून, घाटावरून आलेल्या. पुढे नवी यंत्रं आली, कमी माणसांत जास्त काम घेण्याची पद्धत आली. कायद्याने बायकांना रात्रपाळी बंद होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, तो खर्च मालकांना नकोसा वाटला. गिरणीतल्या बायका कमी कमी होत गेल्या. त्यातल्या किती यंत्रामुळे गेल्या आणि किती मालकांच्या हिशेबामुळे, हे वेगळं काढणं अवघड आहे.

गिरणगावात बायकांचं काम मात्र थांबलं नव्हतं. कितीतरी जणी आपल्या खोलीतच खानावळ चालवून कामगारांना जेवू घालत होत्या. हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं, म्हणून लोकांच्या लेखी त्या 'घरीच' होत्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांच्यासोबत त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवलं, तेव्हा कुठे त्यांचं काम जगाला दिसलं.

आजही मोजमापाची अडचण तीच आहे. काम सुटलेली बाई दुसरं काम शोधत नसेल आणि कामाला उपलब्धही नसेल, तर सरकारी पाहणीत ती बेरोजगार धरली जात नाही. काकूंच्या लेकीकडे दिवसाला दहा पानांऐवजी चारच आली, तरी कागदावर ती कामालाच असते. तिची कमाई घटली, हे 'नोकऱ्या किती गेल्या' या आकड्यात येत नाही. बायकांचा दिवस कसा जातो, हे देशभर विचारणारी पहिली सरकारी वेळ-वापर पाहणी झाली ती २०१९ मध्ये.

म्हणून काकूंच्या लेकीला मी एक वही करायला सांगितली आहे. रोजचं काम किती, तास किती, पैसे किती. सहा महिन्यांनी आम्ही ती गटात उघडून बघू. तुमच्या गटातही शिवणकाम, टायपिंग, हिशेब करणाऱ्या असतील. त्यांचीही नोंद आजपासून सुरू करा. आपला बदल आपल्यालाच आधी कळायला हवा.