ऊन पाण्याचा इतिहास आणि तिसरी तार

श्रोतेहो, वसंतातल्या व्याख्यानांत इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा असते, आणि ती गैर नाही. दौलताबादचा किल्ला फुलंब्रीहून फार दूर नाही. अजिंठ्याचा रस्ता तर आपल्या दारावरूनच जातो. पण आम्ही ज्या माणसांत आयुष्य घालविले, त्यांचे पूर्वज किल्ल्याच्या तटावर उभे नव्हते; ते तटाखालून मोळ्या वाहत होते. तेव्हा आमचा आजचा विषय न्हाणीघराचा आहे. सकाळी अंगावर घेतले जाणारे ऊन पाणी कोणी तापविले, कशावर तापविले, आणि त्यातला धोका कोणाच्या वाट्याला आला, एवढाच प्रश्न आम्ही विचारणार आहोत. प्रश्न लहान दिसतो. त्याचे उत्तर मात्र लहान नाही.

दौलताबादेस शाही हमाम आहे. आपणांपैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. हमामाची रचना सर्व देशांत साधारण एकच असते. भट्टी भिंतीपलीकडे, पाणी आणि वाफ भिंतीअलीकडे. आत बसलेल्यास जाळ दिसत नाही, धूर लागत नाही आणि लाकडे कोण घालतो हेही कळत नाही. सुखाची ही जुनी व्याख्या आहे : ऊब आपली, राख दुसऱ्याची. पुढे साधने बदलली, पण ही भिंत निरनिराळ्या रूपांनी शिल्लक राहिली.

गरिबाच्या घरी अशी भिंत कोठून असणार? तेथे मोरीजवळ तीन दगडांची चूल, तीवर हंडा, आणि विसणासाठी बाजूला गार पाण्याची घागर. आमच्या भागात जळण म्हणजे पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या आणि दाणे काढलेली मक्याची कणसे. बाळंतिणीची न्हाणी असो, दिवाळीची पहिली आंघोळ असो, की रोजचे हातपाय धुणे असो, पहाटे उठून जाळ घालणारी बाईच. पाणी विहिरीवरून तिनेच आणावयाचे, जळण तिनेच गोळा करावयाचे, धूरही तिच्याच डोळ्यांत जावयाचा, आणि उरलेल्या कोमट पाण्याने सर्वांच्या शेवटी तिनेच न्हावयाचे. या श्रमाची नोंद कोणत्याही बखरीत नाही. मजुरीच्या कोणत्याही हिशेबात तो आजही धरला जात नाही.

यानंतर आला बंब. हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्या भाषेत आला. आगीचा बंब आणि न्हाणीचा बंब दोघेही त्याच घराण्यातले. तांब्याचे उभे भांडे, त्याच्या मधोमध आरपार नळी, नळीत विस्तव, तळाशी जाळी, जाळीखाली राख, भोवती पाणी आणि बाजूला तोटी. ही युक्ती साधी खरी, पण फार हुशारीची होती. चुलीवरच्या हंड्याला जाळ फक्त खालून लागतो आणि बराचसा बाजूने वाया जातो. बंबात जाळ पाण्याच्या पोटातच बसविलेला, म्हणून थोड्या जळणात पुष्कळ पाणी तापते. रशियातला सामोवार याच तत्त्वावर चालतो. पुण्याच्या तांबट आळीत हातोड्याखाली घडलेली अशी भांडी घरोघर पिढ्यान्पिढ्या टिकली.

बंबाबरोबर एक नियमही घरात आला, आणि तो म्हाताऱ्या बायकांनी सुनांना शिकविला : आधी पाणी, मग विस्तव. रिकाम्या बंबात विस्तव घातला तर डाख वितळतो आणि भांडे गळू लागते. श्रोतेहो, हा नियम ध्यानात ठेवावा. पुढे गॅस आला, वीज आली, चाकांवरची घरे आली. नियम एका अक्षरानेही बदलला नाही.

आता थोडे समुद्रापलीकडे जाऊ. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन या रंगकाम करणाऱ्या माणसाने गॅसच्या ज्योतीवर वाहते पाणी तापविण्याचे यंत्र काढले. आइसलंडमध्ये जमिनीतून उसळणाऱ्या एका उन्हाळ्याला गायसिर म्हणतात. त्यावरून यंत्रास गिझर हे नाव पडले. तेच नाव आज फुलंब्रीच्या दुकानात पाटीवर दिसते. या यंत्रात एक मोठे न्यून होते : धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती. १८८९ साली अमेरिकेत पिट्सबर्ग येथे एडविन रूड या नॉर्वेहून आलेल्या इंजिनियरने टाकीत पाणी साठवून आपोआप तापविणारे गॅसचे यंत्र केले आणि गिझर खऱ्या अर्थाने घरगुती झाला.

आपल्याकडे मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ साली लागले. स्वयंपाकाचा सिलिंडर बर्मा-शेल कंपनीने १९५५ साली मुंबईत आणला. खेड्यातल्या गरीब बाईच्या नावाने जोडणी देणारी उज्ज्वला योजना निघाली ती २०१६ साली. मुंबईच्या सिलिंडरपासून या योजनेपर्यंत एकसष्ट वर्षे गेली. सिलिंडर आला तसा गॅसचा गिझरही आला, आणि लंडनच्या त्या पहिल्या यंत्राचे न्यून त्याच्याबरोबर आमच्या लहान, बंद न्हाणीघरांत शिरले. हवा अपुरी पडली की गॅस पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. दार लावून आंघोळीस गेलेले माणूस आतल्या आत कोसळते. हिवाळ्यात अशा बातम्या वर्तमानपत्रांत येतात आणि लोक नशिबाला बोल लावतात. यात नशिबाचा काही संबंध नाही. यंत्र न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवावे किंवा त्याचा धूर नळीने बाहेर काढावा, इतकाच उपाय आहे.

विजेची कथा निराळी. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्राचा भाग झाला. त्याच वर्षी राज्य वीज मंडळ स्थापन झाले. २००५ साली त्याच्या निरनिराळ्या कंपन्या झाल्या. खेड्यापाड्यांत खांब उभे राहिले ते मंडळाच्या काळात. खांबावर चढणारा लाइनमन आणि घरात तारा ओढणारा वायरमन हे दोन नवे कामगार त्यातून जन्मास आले.

विजेच्या गिझरचा हिशेब कोणासही करता येईल. १५ लिटर पाणी ४० अंशांनी तापवावयाचे, तर सुमारे पाऊण युनिट वीज लागते. २००० वॅटची कांडी हे काम वीस-बावीस मिनिटांत करते, आणि २३० व्होल्टवर ती जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह ओढते. दिव्यासाठी ओढलेल्या बारीक तारेवर हा भार टाकला की तार तापते, तिचे आवरण वितळते आणि भिंतीत आग धुमसू लागते. गिझरला निराळी जाड तार, निराळी कळ आणि निराळा फ्यूज लागतो तो याचकरिता.

गिझरला तारा तीन असतात. फेज वीज आणते, न्यूट्रल तिला परत नेते. तिसरी तार अर्थिंगची. ती गिझरच्या धातूच्या अंगापासून निघून जमिनीतल्या खड्ड्यात पुरलेल्या पत्र्यापर्यंत वा नळीपर्यंत जाते. सर्व काही ठीक असते तेव्हा ही तार काहीच करीत नाही. आतली कांडी फुटून वीज भांड्याच्या अंगावर उतरली, तरच ती तार त्या विजेला जमिनीत वाट देते, फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. जी वस्तू रोज उपयोगी पडत नाही, तिच्यावर खर्च करावयास हात आखडतो. म्हणून काटकसर प्रथम होते ती तिसऱ्या तारेवर. दोन तारांवरही पाणी तापतेच. मग विचारतो कोण?

याचा अनुभव आम्हांस संघटनेच्या कामात आला. एका कारखान्यात कामगारांच्या धुण्याच्या खोलीतला जुना गिझर काढून नवा बसविला होता. तोटीला हात लावताच सफाई कामगार फेकला गेला; दैवाने वाचला. व्यवस्थापकांचे म्हणणे, हात ओले होते. आम्ही म्हटले, धुण्याच्या खोलीत हात कोरडे कसे असतील? झाकण उघडावयास लावले, तेव्हा तिसरी तार वेटोळे करून, वर चिकटपट्टी गुंडाळून आत कोंबलेली निघाली. जुन्या बोर्डापर्यंत अर्थिंग आलेलेच नव्हते. भांडे नवे, जोड जुना. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी अर्थिंग आवश्यक केले होते आणि असे काम परवानाधारकानेच करावे असेही सांगितले होते. पुढे २०१० आणि २०२३ साली आलेल्या विनियमांनीही हीच दिशा राखली. कायदा दुबळा नव्हता. झाकणाआड काय आहे हे पाहणारा कोणी नव्हता.

आता या इतिहासातले सर्वांत अलीकडचे यंत्र पाहू. अमेरिकेत चाकांवरची घरे पुष्कळ आहेत. त्यांच्यात न्हाणीसाठी पुष्कळदा वीस-बावीस लिटरची एकच टाकी असते आणि तिला दोन जाळ असतात : रानात गाडी उभी असेल तर गॅसची ज्योत, मुक्कामी वीज मिळाली तर विजेची कांडी. ज्योतीची ठिणगी आणि झडप चालविते १२ व्होल्टची बॅटरी. कांडी चालते मोठ्या दाबाच्या विजेवर. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. तेव्हा अशा गाड्यांचे काम आपल्याकडच्या वायरमनच्या हाती येणे ओघाने आलेच.

समजा, जुनी केवळ गॅसची टाकी काढून दोन जाळांची टाकी बसवावयाची आहे. टाकी जुन्या खाचेत नीट बसेल, पण तारा पुरणार नाहीत. कांडीसाठी निराळी लाइन, निराळी कळ आणि निराळा फ्यूज घ्यावा लागेल. बॅटरीच्या तारा आणि मोठ्या दाबाच्या तारा एकमेकींपासून दूर ठेवाव्या लागतील. शिवाय रंगांचा घोटाळा आहे. आपल्या जुन्या पद्धतीत काळी तार न्यूट्रलची. अमेरिकन घरगुती पद्धतीत काळी तार फेजची. मोटारीच्या कामात काळी म्हणजे बॅटरीची ऋण बाजू. पण त्या चाकांवरच्या घरांत तीच पुष्कळदा धन असते. तेव्हा रंगावर विसंबणाऱ्याने येथे हात घालू नये. प्रत्येक तार मापून घ्यावी. तिकडची १४०० वॅटची कांडी १२० व्होल्टची असते. ती आपल्या २३० व्होल्टला लावली तर पाच हजार वॅटांहून अधिक ओढू पाहील आणि जळेल. टाकी भरण्याआधी कळ दाबली तरीही कांडी क्षणात जळेल. म्हाताऱ्या बायकांचा नियम येथेही तोच : आधी पाणी, मग विस्तव.

आणि तिसरी तार? ती येथे दुप्पट महत्त्वाची. गाडी रबरी टायरांवर उभी असते. टायर वीज जमिनीत जाऊ देत नाहीत. अर्थिंग तुटलेले असेल आणि कांडी फुटली, तर सारी गाडीच विजेने भारून राहते. आतल्या प्रवाशाला काही कळत नाही. जमिनीवर उभा राहून जो दाराची मूठ धरील, त्याच्या अंगातून वीज वाट काढते. तो बहुधा गाडी धुणारा असेल, सामान चढविणारा पोऱ्या असेल. हमामाची ती भिंत आम्ही म्हटली ती हीच.

चाकांवरचे घर मराठवाड्याला मात्र नवे नाही. दसऱ्यानंतर आमच्या मुलुखातून ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात. त्यांवर भांडीकुंडी, म्हातारी माणसे, तान्ही मुले. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. फडाशेजारी कोपी उभी राहते, कोपीपुढे तीन दगड मांडले जातात, आणि थंडीत पहाटे उठून पाणी तापवावयास उभी राहते ती बाईच. मग तीच फडावर जाते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कारखान्यातल्या कामगारांसाठी धुण्याची सोय मालकावर बंधनकारक केली. उसाचा फड कारखान्याच्या फाटकाबाहेर पडतो, म्हणून ते कलम तिच्यापर्यंत पोहोचले नाही. एकाच रस्त्याने एक चाकांवरचे घर दोन जाळांची टाकी घेऊन जाते आणि दुसरे तीन दगड शोधीत जाते. इतिहास पुढे गेला म्हणताना तो कोणाला घेऊन गेला, हेही विचारावयास हवे.

श्रोतेहो, इतिहास ऐकून घरी जाताना काहीतरी करावयाचे असते. आमचे मागणे थोडे आहे. घरातला गिझर बदलाल तेव्हा परवानाधारक वायरमनला बोलवा. तिसरी तार जमिनीपर्यंत पोहोचली की नाही, हे त्याच्याकडून मापून घ्या. आणि त्या मापण्याचे दाम न कुरकुरता द्या. ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात, त्यांनी हेच आपल्या कारखान्यात, दुकानात, वसतिगृहात करावे. आणि फडावरच्या बाईला पाणी कोण देणार, हा प्रश्न ज्याला त्याला, सभेत आणि सभेबाहेर, विचारीत राहावे.