साथ, सरकार आणि झाडू

एप्रिल २०२० मध्ये महाविद्यालय बंद होते आणि मी मोबाइलवरून बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला १८९७ चा प्लेग शिकवीत होतो. क्रमिक पुस्तकात जे असते तेच सांगत होतो. पुण्यात प्लेग कमिटी नेमली गेली, रँड तिचा अध्यक्ष झाला, गोऱ्या शिपायांनी घरे तपासली, लोक चिडले आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. तास संपता संपता वस्तीतल्या एका मुलीने विचारले, "सर, तेव्हा रस्ते झाडत कोण होतं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याच सकाळी माझे वडील कामावर गेले होते. ते नगरपालिकेच्या ठेकेदाराकडे झाडूवाले होते. ज्या घरांवर विलगीकरणाची पाटी लागली होती, त्या घरांतला कचरा तेच उचलीत. त्यांना एक कापडी मास्क आणि हातमोज्यांचा एक जोड मिळाला होता. मोजे फाटल्यावर त्यांनी दुधाच्या रिकाम्या पिशव्या हातांना बांधल्या. त्यांच्या कमाईवर मी शिकलो, घराण्यातला पहिला पदवीधर झालो, इतिहासाचा प्राध्यापक झालो. आणि त्या इतिहासात माझा बाप कोठे आहे, हे मी कधी शोधले नव्हते. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

१

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरच्या आरंभी पालिकेने १८८८ च्या मुंबई पालिका कायद्याचा आधार घेऊन सक्तीची मोहीम काढली. रोग्याला बळाने रुग्णालयात न्यायचे, घर धुऊन काढायचे, सामान जाळायचे. रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, ही समजूत गिरणगावात पसरली आणि त्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने ऑर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. लोक शहर सोडू लागले. सुमारे आठ लाख वस्तीच्या मुंबईतून फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मी माणसे निघून गेली.

पालिकेने मग सक्ती सैल केली. का केली? दंग्याच्या भीतीने, हे उत्तर इतिहासाच्या पुस्तकांत मिळते आणि ते खोटे नाही. पण पालिका आयुक्त स्नो याच्या अहवालात दुसरी एक भीती नोंदलेली आहे. हलालखोर आणि बिगारी शहर सोडून गेले, तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, ही ती भीती. हलालखोर म्हणजे मैला वाहणारा. बिगारी म्हणजे रस्ते झाडणारा, कचरा ओढणारा. पालिकेच्या कायद्यात 'हलालखोर कर' नावाचा कर होता. म्हणजे कराला त्याचे नाव होते. शहराच्या इतिहासात मात्र त्याला नाव नव्हते.

ही नोंद नीट वाचली पाहिजे. ज्याच्या सावलीचाही विटाळ होत असे, त्याने पाय काढला तर साम्राज्याचे हे मोठे बंदर बंद पडेल, अशी कबुली खुद्द गोऱ्या अंमलदाराने दिली आहे. रँडच्या खुनावर प्रकरणेच्या प्रकरणे लिहिणाऱ्या आपल्या इतिहासकारांना या कबुलीवर फार थांबावेसे वाटले नाही. कारण उघड आहे. घरात शिरलेला शिपाई ज्याच्या डोळ्यांत खुपला, त्याच्याच हातात लेखणी होती. दारातली घाण ज्याने उचलली, त्याच्या हातात झाडू होता.

२

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. कायदा कसला, चार कलमांचे चिठोरे! नेहमीचे कायदे अपुरे वाटले, तर सरकारने जाहीर सूचना देऊन तात्पुरते नियम करावेत. तो नियम मोडणारा गुन्हेगार. आणि या कायद्याखाली सद्हेतूने काम करणाऱ्या अंमलदारावर दावा चालणार नाही. खर्च कोणी सोसायचा तेही सरकारच ठरवील. त्यात नुकसानभरपाईचा उल्लेख आहे, पण 'असल्यास' या शब्दासह. सरकारला काय करता येईल हे सारे त्यात आहे. सरकारने काय केलेच पाहिजे, याविषयी एक अक्षर नाही. रोग्याला औषध मिळाले पाहिजे, ज्याचे घर मोडले त्याला घर मिळाले पाहिजे, जो साथीत राबेल त्याच्या जिवाची हमी घेतली पाहिजे, यांतले काहीही नाही. अधिकार आहे, कर्तव्य नाही. आपल्या पुढच्या सव्वाशे वर्षांच्या आरोग्यधोरणाची पायाभरणी ही अशी झाली.

त्याच वर्षी पुण्याजवळ दुसरे एक धोरण चालू होते. त्याला ना कायद्याचा आधार होता, ना शिपायांचा. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून आणले. त्यात त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सरकारच्या छावणीत रोग्याला धरून नेत होते, सत्यशोधकांच्या दवाखान्यात त्याला उचलून आणीत होते. दोन्हींत माणूस घरातून हलवावाच लागला. पण पहिल्यात तो संशयित होता आणि दुसऱ्यात तो लेकरू होता. आरोग्यधोरणाची सारी मीमांसा या एका फरकात आहे, असे मला वाटते.

३

प्लेगनंतर सरकारला एवढे उमगले, की रोग दाटीत वाढतो. १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रस्ते रुंद केले, वस्त्या पाडल्या आणि काही चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत पुढे बाबासाहेबांचे कुटुंब राहिले. पण पाडलेले फार आणि बांधलेले थोडे, असाच एकूण हिशेब राहिला. गरीब माणूस एका दाटीतून दुसऱ्या दाटीत गेला.

याचा पुरावा १९१८ च्या इन्फ्लुएंझाने दिला. मुंबईच्या आरोग्य अधिकाऱ्याने त्या साथीतील मृत्यूंची जातवार आणि धर्मवार नोंद केली. दर हजारी मृत्यूचे प्रमाण युरोपियनांत ८.३ होते, सवर्ण हिंदूंत १८.९ होते आणि ज्यांना त्या तक्त्यात 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले आहे, त्यांच्यात ६१.६ होते. म्हणजे सवर्णांच्या तिपटीहून अधिक. जंतू जात पाहत नाही, असे आपण सभांतून सांगतो. ते खरेच आहे. पण जंतूला घर लागते, आणि घर जात पाहून मिळते. अन्न जात पाहून मिळते, पाणी जात पाहून मिळते, काम तर जात पाहूनच मिळते. ६१.६ हा आकडा रोगाचा नव्हे, तो समाजरचनेचा आहे.

१९१९ च्या सुधारणांनी सार्वजनिक आरोग्य प्रांतांच्या मंत्र्यांकडे सोपविले आणि पुढे आपल्या संविधानानेही ते राज्यांच्या सूचीत ठेवले. तेव्हा साथीत काय केले याचा जाब दिल्लीला विचारावा तसा मुंबईलाही विचारला पाहिजे.

४

९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातले पहिले कोरोनाचे रुग्ण सापडले. चारच दिवसांत, १३ मार्चला, राज्य सरकारने १८९७ चा तोच कायदा बाहेर काढला आणि दुसऱ्या दिवशी त्याखाली नियम केले. रुग्णाला सक्तीने वेगळे ठेवणे, परिसर बंद करणे, अफवा पसरविणाऱ्यास शिक्षा करणे. भाषा नवी होती, पण हाडे जुनीच होती.

तरीही एक मान्य केले पाहिजे. या वेळी राज्य सरकार केवळ बंदोबस्तावर थांबले नाही. २१ मे २०२० च्या आदेशाने खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर सरकारने ठरविले. साध्या विलगीकरण कक्षास दिवसाला ४००० रुपये, अतिदक्षता विभागास ७५०० आणि व्हेंटिलेटर असल्यास ९०००. जी चाचणी आरंभी ४५०० रुपयांना होत होती, ती जूनमध्ये २२०० वर आणि मार्च २०२१ अखेर ५०० वर आणली. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची जनआरोग्य योजना तोवर पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांपुरती आणि काही जिल्ह्यांतील शेतकऱ्यांपुरती होती; ती मे २०२० मध्ये राज्यातल्या सर्व रहिवाशांना खुली झाली. वैद्यकीय व्यवसाय हा बाजार आहे आणि बाजाराला सरकार हात लावू शकत नाही, असे आम्हाला वर्षानुवर्षे पढविले गेले होते. सरकारने मनात आणले आणि एका अधिसूचनेने हात लागला. ही फार मोठी शिकवण आहे, आणि ती आपण विसरावी अशी पुष्कळांची इच्छा आहे.

कारण ते दर साथीपुरते होते. साथ ओसरली आणि आदेश गेला. फुले योजना तेवढी टिकली. २०२३ मध्ये ती सर्वांसाठी आणि कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. पण योजना बिल भरते. गावाला दवाखाना आणि दवाखान्यात माणूस ती देत नाही.

आणि झाडूवाला? 'घरात थांबा' हा आदेश धारावीत कसा पाळायचा? तेथे शौचालयच घराबाहेर, शेकडो लोकांचे मिळून एक. धारावीने साथ आटोक्यात आणली याचे जगभर कौतुक झाले, ते योग्यच झाले. पण ती शौचालये दिवसातून कितीदा तरी धुऊन जंतुनाशक मारणारे हात कोणाचे होते, हे कौतुकाच्या लेखांत शोधावे लागते. २६ मार्च २०२० रोजी केंद्राने ५० लाखांचा विमा जाहीर केला, तेव्हा सफाई कर्मचाऱ्याचा नावाने उल्लेख झाला. मात्र त्याच वर्षी साथरोग कायद्यात दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवरील हल्ल्यास कडक शिक्षा आली, तेव्हा डॉक्टर, परिचारिका, निमवैद्यकीय कर्मचारी, समुदाय आरोग्य कार्यकर्ता एवढी नावे व्याख्येत आली. झाडूवाल्याचे आले नाही. सरकार अधिसूचना काढून इतरांना त्यात घेऊ शकते, एवढी फट आहे. १२३ वर्षांनी कायद्याचे दार उघडले, तरी आपण पुन्हा उंबऱ्याबाहेरच!

घरोघर फिरून ताप मोजणाऱ्या आशाताईंची कथा वेगळी नाही. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे ७० हजार आशांना संप करावा लागला, तेव्हा कोठे मानधनात वाढ पदरात पडली. त्यांना कर्मचारी म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात. सेवा म्हटले की पगार द्यावा लागत नाही; ही युक्ती आपल्या समाजाला फार जुनी ठाऊक आहे.

आणखी एक. १९१८ च्या परक्या सरकारने मृत्यूची जात लिहिली. २०२० च्या आपल्या सरकारच्या रोजच्या अहवालात जिल्हा होता, आकडा होता, जात नव्हती. त्यामुळे ६१.६ च्या शेजारी आज ठेवायला आपल्यापाशी आकडा नाही. न मोजलेला अन्याय हा अन्याय ठरत नाही, म्हणून तो मोजला जात नाही.

५

मग करायचे काय? शोकसभा पुरे झाल्या. आरोग्य हा राज्याचा विषय आहे, तर राज्याने कायदा करावा. ज्यात सरकारचे अधिकार असतील तसे नागरिकाचे हक्कही असतील. राजस्थान विधानसभेने मार्च २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा संमत केला. खाजगी डॉक्टर रस्त्यावर आले, तरी केला. फुले-आंबेडकरांचे नाव उठता-बसता घेणाऱ्या महाराष्ट्राला हे अवघड का वाटावे? साथीत ठरविलेले दर साथीनंतरही का असू नयेत? आणि झाडूकामाची ठेकेदारी बंद झालीच पाहिजे. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने दहा वर्षे न्यायालयात झुंज दिली, तेव्हा एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २७०० ठेका कामगारांना कायम करण्यावर शिक्कामोर्तब केले. संघटना होती म्हणून हे घडले, कोणाच्या दयेने नव्हे.

आणि जो कायम झाला, त्याच्या मुलाच्या हातात पुन्हा तोच झाडू वारसा म्हणून येऊ नये, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

त्या मुलीचा प्रश्न मी आता दर वर्षी वर्गात स्वतःच विचारतो. प्लेगचा पाठ रँडपासून नव्हे, हलालखोरापासून सुरू करतो. परवा वडिलांना स्नोच्या अहवालातली ती गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आपण निघून गेलो तर काय होतं, हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं. आपल्यालाच कोणी सांगितलं नाही."