कोरडी जागा

दिवाळी अंकांची मुखपृष्ठं भर पावसात छापली जातात. वाचकाच्या हाती अंक पडतो तो आश्विनातल्या उन्हात, त्यामुळे हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळीचा खास अंक काढला, पुढे त्याची प्रथाच पडली आणि मराठी छापखान्यांचा सर्वांत मोठा हंगाम नेमका वर्षातल्या सर्वांत ओल्या महिन्यांत येऊन बसला. गिरगावातल्या आमच्या छापखान्यात मी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, हाताखाली काम शिकले आणि त्यांच्यामागे तो चालवला. त्यामुळे ओल म्हणजे काय हे मला घरात कळायच्या आधी कागदावर कळलं.

कागद हवेतलं पाणी पितो आणि फुगतो. सगळीकडून सारखा नाही, तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त. आमचं ऑफसेट मशीन एकरंगी होतं, म्हणजे चाररंगी मुखपृष्ठाचा प्रत्येक ताव चार वेळा मशीनमधून जायचा. पिवळा आज, गुलाबी उद्या, मग निळा, शेवटी काळा. मधल्या रात्री पावसाची झड लागली की सकाळपर्यंत ताव अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढलेला असे. एवढं पुरतं. रजिस्टर, म्हणजे रंगावर रंगाचा मेळ, हलतो, लाली ओठांच्या बाहेर पडते, अक्षरांना कडेने सावली येते. गड्डीच्या कडा लाटांसारख्या उठल्या तर मशीन ताव उचलेनासंच होतं.

अण्णांनी सगळा छापखाना कोरडा करायचा प्रयत्न कधी केला नाही. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर ते शक्यच नव्हतं. त्यांनी आतली एक बिनखिडकीची खोली धरली. भिंतींना चुना, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर कागद, प्रत्येक गड्डी मेणकापडात बांधलेली, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत दोन मोठे विजेचे दिवे रात्रंदिवस चालू. बल्बच्या उबेने खोलीतली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी गरम राही, आणि गरम हवा तेवढ्याच पाण्याने कमी दमट ठरते. त्या खोलीचं दार उघडं टाकणाऱ्याला अण्णा जेवढे बोलत तेवढे पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकालाही बोलत नसत.

हाच त्रास आमच्याआधी कितीतरी वर्षं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्याला झाला होता, आणि आज दुकानात मिळणाऱ्या ओल शोषणाऱ्या यंत्राचा वंश तिथूनच सुरू होतो. सॅकेट-विल्हेल्म्स हा रंगीत शिळाछापाचा कारखाना. उन्हाळ्यातल्या दमट दिवसांत त्यांचे रंग एकमेकांवर बसेनात. बफेलो फोर्ज कंपनीत नुकताच लागलेला पंचवीस वर्षांचा इंजिनिअर विलिस कॅरियर याच्याकडे हे काम आलं. १७ जुलै १९०२ ही त्याच्या आराखड्यांवरची तारीख. थंड पाणी खेळवलेल्या नळ्यांवरून हवा न्यायची, हवेतलं पाणी नळ्यांवर दवासारखं जमून खाली टपकू द्यायचं आणि छापखान्यातली आर्द्रता वर्षभर ५५ टक्क्यांवर ठेवायची, अशी ती योजना होती. माणसांना गारवा मिळावा हा तिचा हेतूच नव्हता. आज ज्याला आपण एसी म्हणतो तो जन्मला कागद कोरडा ठेवण्यासाठी. छपाईच्या धंद्यातल्या माणसाला याचा अभिमान वाटावा असं मला मनापासून वाटतं.

त्याच सुमारास आपल्याकडे राजा रविवर्म्याचा छापखाना चालू होता. १८९४ साली तो मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, म्हणजे घाटमाथ्याच्या पावसात. तिथेही शिळाछापच, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. लक्ष्मी-सरस्वतीच्या त्या चित्रांतली साडीच्या काठाची रेघ रेघेवर बसलेली पाहिली की मला ते चित्र कोणत्या महिन्यात छापलं असेल हा प्रश्न पडतो, आणि त्या अनाम कारागिरांबद्दल आदर दाटून येतो.

मुंबईचा इतिहास लिहिताना मात्र ओलीची दुसरीच बाजू समोर येते. कावसजी दावर यांची ताडदेवची कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव उभं राहिलं. सुताला कोरडी हवा मानवत नाही. धागा ठिसूळ होतो, तुटतो, घर्षणाने त्यात वीज साठते आणि तंतू विस्कटतात. समुद्राची दमट हवा ही मुंबईच्या गिरण्यांना फुकट मिळालेली जमेची बाजू होती. ती पुरेना तिथे खात्यात मुद्दाम वाफ किंवा पाण्याचे तुषार सोडत. अमेरिकेतही १९०६ मध्ये ‘एअर कंडिशनिंग’ हे नाव दिलं ते स्टुअर्ट क्रॅमर या कापडगिरण्यांच्या इंजिनिअरने, आणि त्याचं यंत्र हवा दमट करणारं होतं. परळ-लालबागच्या साचेखात्यातली माणसं दिवसभर या ओलीत उभी राहत. १९४८ च्या कारखाना कायद्यात कृत्रिम ओलाव्यावर एक स्वतंत्र कलम घातलं गेलं, ते काही उगाच नाही. गिरगाव आणि परळ यांत अंतर ते किती. एकीकडे ओल काढायला दिवे जळत होते, दुसरीकडे ओल वाढवायला पाणी उडत होतं.

घरांचं काय? माझं आजोळ गुहागरकडचं. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे पडवी, मध्ये माजघर, वर माळा. कोकणात वर्षाकाठी तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तिथल्या जुन्या घरांनी ओलीशी कसं जमवलं ते नीट पाहिलं तर अण्णांच्या कागदाच्या खोलीचंच तत्त्व दिसतं. पडवी भिजायची ती भिजायचीच. पावसाच्या बाजूच्या भिंतींना नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधत, तेवढंच. घराचा खरा कोरडा भाग होता चूल आणि चुलीच्या वरची जागा.

तिथे बांबूची जाळी टांगलेली असे. मक्याची कणसं, पडवळ-दोडक्याचं बियाणं, सुकी मासळी, आमसुलं, सगळं तिथे. धूर कौलांच्या फटींतून सावकाश बाहेर पडे, वाटेत आढं-वासे काळे करी, आणि त्या काजळीमुळे लाकडाला कीड लागत नसे. आगोटीत भरलेलं धान्य माळ्यावर, म्हणजे चुलीच्या उबेच्या टप्प्यात. भाताच्या मुड्या पेंढ्याने आवळून बांधलेल्या. घरात बाळंतीण असली तर तिच्या खोलीत शेगडी पेटायची. तिच्यावर वेताची टोपली उपडी घालून बाळाची दुपटी, लंगोट वाळवत, आणि ओवा-बाळंतशेपांची धुरीही त्याच निखाऱ्यांवर होई. पोथ्या लाल कापडात बांधून लाकडी पेटीत, सोबत वेखंडाचे तुकडे. काही घरांत सापाची कातही ठेवत. वेखंडाने कसर दूर राहते, पण ओल जात नाही, आणि हे त्या लोकांना ठाऊक असावं. कारण पेटी ठेवायची जागा माजघरातच, चुलीच्या पाठीला, असा दंडक होता. पाऊस सरला की पोथ्यांना ऊन दाखवायचं ते वेगळं.

या चुलीचं मी गुणगान गाणार नाही. तिची किंमत आजीच्या डोळ्यांनी आणि छातीने दिली. पावसाळ्यात ओला लाकूडफाटा फुंकून फुंकून तिचं सगळं आयुष्य खोकल्यात गेलं. गॅस आला तेव्हा घरातल्या बायकांनी सुटकेचा श्वास घेतला, आणि तो अगदी रास्त होता. पण चुलीबरोबर घरातली कोरडी जागाही गेली, हे कुणी मोजलं नाही. गॅसच्या शेगडीची उष्णता स्वयंपाकापुरती, शिवाय गॅस जळताना पाण्याची वाफही तयार होते. चुलीचा धूर वाट काढून बाहेर जायचा आणि सोबत दमट हवा ओढून न्यायचा. आता ती हवा घरातच राहते.

भिंतीही बदलल्या. चुन्याचा गिलावा ओल घेतो आणि ऊन पडलं की सोडतो. त्यावर सिमेंट आलं, त्यावर प्लास्टिक पेंट आला. भिंतीत एकदा शिरलेलं पाणी मग रंगाच्या मागे अडकतं, फुगे येतात, पोपडे सुटतात, लोणा धरतो. गिरगावातल्या चाळीला निदान लांबलचक गॅलरी होती. दोरीवरचे कपडे वाऱ्यावर राहायचे. आजच्या बंदिस्त फ्लॅटमध्ये चार माणसांचे कपडे बैठकीच्या खोलीत पंख्याखाली वाळतात. धुलाईयंत्रातून पिळून निघालेल्या एका घाण्यातही दोनेक लिटर पाणी उरलेलं असतं, आणि ते सगळं त्या खोलीच्या हवेत, गादीत, पुस्तकांत जातं. मग चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी, कपाटात कुबट वास आणि सादळलेले पापड याचं नवल वाटायला नको.

छापखाना बंद झाल्यावर जपून ठेवलेल्या अंकांच्या प्रती मी ठाण्याच्या घरी आणल्या, आणि त्यांच्यासाठी ओल शोषणारं एक सुटं, चाकांवर सरकणारं यंत्र घेतलं. त्याच्या आत कॅरियरचीच कल्पना आहे: पंखा हवा ओढतो, थंड नळीवर पाणी जमून टाकीत पडतं आणि कोरडी झालेली हवा गरम नळीवरून परत खोलीत येते. म्हणून खोली थोडी गरम होते. ते बिघडल्याचं लक्षण नाही. हवेतल्या वाफेचं पाणी होताना ती आपली उष्णता सोडते, त्यात मोटारीची भर पडते.

बारा बाय दहाच्या खोलीच्या हवेत, २८ अंशांना आणि ८५ टक्के आर्द्रतेला, जेमतेम पाऊण लिटर पाणी असतं. ५५ टक्क्यांवर यायला त्यातलं पाव लिटर काढलं की काम झालं. मग टाकी दर दिवशी भरते ती कशाने? भिंती, गाद्या, कागद आणि कपडे आपली साठवलेली ओल सोडत राहतात म्हणून. पहिले काही दिवस भरपूर पाणी येतं, मग कमी होत जातं. कमी होत नसेल तर कुठून तरी नवी हवा येतेय किंवा भिंत झिरपतेय. खिडकी उघडी ठेवून यंत्र लावणं म्हणजे अरबी समुद्र बादलीने उपसणं. ओळखीतल्या अनेकांनी यंत्र घेतलं, बैठकीत ठेवलं, दारं उघडी टाकली आणि उपयोग नाही म्हणून अडगळीत सरकवलं. यंत्राची क्षमता बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजून छापलेली असते. खोली कोरडी होत गेली की पाणी तेवढं निघत नाही, निघू नये. आणि कपाटात ठेवायच्या छोट्या, कॉम्प्रेसर नसलेल्या डब्यांकडून खोलीची अपेक्षा धरू नये. त्यांची धाव कपाटापुरतीच.

मी एकच खोली धरली आहे. पुस्तकं, अंक, थंडीचे कपडे आणि पावसाळ्यात धुतलेले सगळे कपडे त्याच खोलीत. दार बंद, खिडकीच्या फटींना रबरी पट्टी, यंत्र भिंतीपासून हातभर दूर, आणि शेल्फवर आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ५५ च्या आसपास आला की बंद करते. फार कोरडं झालं तर जुना कागद ठिसूळ होतो. अडीचशे वॅटचं यंत्र चार तास चाललं तर वीज एक युनिट जाते, अण्णांच्या दिव्यांपेक्षा कितीतरी कमी. जाळी दर आठवड्याला धुते, टाकी रोज रिकामी करून पुसते, कारण साचलेल्या पाण्यात पुन्हा तीच बुरशी धरते. गच्चीतून गळणाऱ्या स्लॅबला मात्र यंत्राचा काही उपयोग नाही. त्याला आधी मिस्त्री बोलवावा लागतो.

कोकणपट्टीवर, मुंबई-ठाण्यापासून गोव्यापर्यंत, आज हजारो घरं बांधली जात आहेत. त्यांच्या नकाशात मोटारीला जागा असते, देव्हाऱ्याला असते, एसीच्या बाहेरच्या डब्यालाही असते. कपडे आणि कागद कोरडे ठेवायला जागा नसते. जुन्या सुताराला आणि गवंड्याला माजघर कुठे काढायचं हे न सांगता कळत होतं. आताच्या वास्तुविशारदांकडे माझं मागणं फार नाही: घराच्या आतल्या बाजूला सहा बाय सहाची एक खोली, बाहेरच्या भिंतीला न लागणारी, घट्ट मिटणाऱ्या दाराची, भिंतीत एक विजेचा सॉकेट आणि जमिनीलगत पाणी जायला एक बारीक नळी. यंत्राची नळी तिला जोडली की टाकी उपसायचंही काम उरत नाही. बाकीचं घर पावसाळ्यात खुशाल खिडक्या उघड्या टाकून राहू दे.